पहिली सही

कुलुपावर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं. कडी अडकवण्यापुरतं कुणीतरी घाईने वरून फाडलेलं आणि खाली तसंच ठेवलेलं, नव्या सोफ्यावरचं कव्हर वर्षभर न काढणाऱ्या घरांत असतं तसं. पितळी, तळहाताएवढं. एवढ्याशा फाटकाला एवढं मोठं कुलूप... इरावतीने ते उचललं, उलटं करून पाहिलं आणि उगीचच एक हिसका दिला. कुलूप हललं, फाटक हललं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुरकुरलं नाही, आणि ती शांतता तिला थोबाडीत मारल्यासारखी लागली.

अकरा वाजून आठ मिनिटं. पार्ल्याची बस अकरा वीसला.

गजांच्या पलीकडे, मागच्या गल्लीत, डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन धाकू उभा होता. तो रोज सव्वाअकराच्या सुमारास यायचा. हे फाटक उघडायचं, ती बाहेर पडायची, तो आत शिरायचा, आणि दोघांपैकी कोणी आधी जायचं यावरून रोज एक छोटंसं ‘तुम्ही या’, ‘नाय, तुमी जावा’ व्हायचं. गिरणी बंद पडल्यापासून तो इस्त्रीच करत होता. सत्तरी कधीच उलटली असावी. गाठोड्याखालची त्याची मान सरळ, ताठ, जणू मान नव्हेच, खुंटी.

“वयनी, ह्यां कधी झाला?” तो म्हणाला.

“मला तरी काय माहीत, धाकूभाऊ.”

“आता खयसून जावचा?”

या प्रश्नाला उत्तर होतं, ते दोघांनाही माहीत होतं. पुढच्या मोठ्या गेटमधून. म्हणजे इमारतीला वळसा, मग सर्व्हिस रोड, मग पेट्रोल पंप, मग पुलाखालून पलीकडे. बसस्टॉप इथून दिसत होता. गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानापुढे, त्याच्या निळ्या पत्र्याचा कोपरा चक्क दिसत होता — चारशे बारा पावलं. हा आकडा तिच्या नवऱ्याचा, नंदकिशोरचा. घर घ्यायच्या आधी तो दोनदा मोजून आला होता, एकदा एकटा आणि एकदा तिला घेऊन. तिची पावलं लहान म्हणून तिची चारशे सत्तर भरली, तर म्हणाला, सरासरी नको, माझी धर. तळमजला आहे, ओल येईल, उंदीर येतील, सगळं कबूल, पण इरा, मागे फाटक आहे. गाडी लागणारच नाही आपल्याला आयुष्यात. आणि खरोखरच लागली नाही. पोस्टातली नोकरी, मुलीचं, गार्गीचं शिक्षण, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची आजारपणं, सगळं त्या फाटकातून ये-जा करत पार पडलं, शेवटी तोही... नाही, तो पुढच्या गेटने गेला. रुग्णवाहिका मागच्या गल्लीत शिरत नव्हती.

“थांबा, चावी आणते,” ती धाकूला म्हणाली. चावी आहे आणि ती तिला मिळणार आहे, अशा थाटात.

मोठ्या गेटवर चंद्रप्रकाश खुर्चीत बसून केळं खात होता. तिला बघून उठला. दहा वर्षांचा वॉचमन, तिच्या हातचा चहा रोज पिणारा. त्यामुळे तिला वाईट बातमी सांगताना तो नेहमी आधी उठून उभा राहायचा.

“चावी सेक्रेटरीसाब के पास है, आंटी. अब वो बंदच राहणार. उधर पार्किंग होनेवाला है, दोन गाड्यांचं.”

“कोणी ठरवलं? मला कोणी विचारलं?”

तो केबिनमध्ये वाकला आणि लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर घेऊन आला, त्यात बोट घालून पान उघडलं, आणि बोट जिथे ठेवलं तिथे तिला आधी फक्त एक डाग दिसला. वाळलेल्या पिठाचा. मग डागाखालची सही. तिची. ‘इ’चा वरचा फाटा शाळेतल्यासारखा काळजीपूर्वक वळवलेला. सर्क्युलर टाइप केलेलं होतं: मागील लहान फाटक सुरक्षेच्या व पार्किंगच्या सोयीसाठी कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहे, वाचले व मान्य. आणि त्याखाली एकाखाली एक, चोवीस सह्या.

“सबसे पहले आपनेच केलंय,” चंद्रप्रकाश अगदी हळू म्हणाला.

गेल्याच्या गेल्या रविवारी — हो, ती कणीक मळत होती. दारावर टकटक, कोपराने कडी काढली, रजिस्टर पुढे आलं, ती म्हणाली काय रे, पाण्याचं ना? तो म्हणाला, होगा आंटी... आणि तिने दोन बोटांत पेन धरून सही ठोकली. पाण्याचंच असतं नेहमी. टाकी धुणार, लिफ्ट बंद, गणपतीची वर्गणी. रजिस्टर तळमजल्यावर, तिच्या दारातून सुरू होतं आणि मग वर वर चढत जातं. आणि वरचे लोक काय करतात, ते तिसऱ्या मजल्यावरच्या श्रुतिकाने मागच्या दिवाळीत फराळाचं ताट परत करताना हसत हसत सांगितलं होतं: आम्ही कुठे वाचतो काकू, तुमची सही दिसली ना की मारतो खाली. काकूंनी वाचलं असणार!

तेव्हा किती बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, त्या दिवशी ती मनातल्या मनात दोन इंच उंच झाली होती. सगळी बिल्डिंग माझ्या डोळ्यांनी वाचते. आणि मी? मी कणकेच्या हातांनी...

अकरा सतरा. बस गेली. म्हणजे अजून गेली नव्हती, पण तिच्यासाठी गेली. पुढची बारा पाचला. पूर्वी दर दहा मिनिटांनी असायची, तेव्हा चुकलेल्या बसला कोणी चुकलेली म्हणतसुद्धा नसे.

बारा वाजता शेवंती निघते. हे एक वाक्य गेले आठ महिने तिच्या दिवसाचा कणा होतं. नलूताई, तिची मोठी बहीण, पार्ल्याला एकटी. डोळे गेल्यात जमा, अंधुक उजेड आणि सावल्या तेवढ्या कळतात. सकाळी शेवंती असते, ती बाराच्या ठोक्याला पुढच्या घरी जाते, आणि बारापासून संध्याकाळपर्यंत इरावती. मध्ये दोनदा ती उशिरा पोचली होती. पहिल्या वेळी नलूताईने एकटीने चहा करायचं मनावर घेतलं आणि ओढणीचं टोक जाळून घेतलं. दुसऱ्या वेळी तिचा मुलगा मिहिर गोरेगावहून धावत आला आणि दारात उभा राहून फार नम्रपणे म्हणाला, मावशी, तुला जमत नसेल तर तसं सांग, मी बदलापूरच्या त्या वृद्धसेवा केंद्रात बोलून ठेवलंय, चांगलं आहे, झाडंबिडं आहेत. झाडं दिसणार कुणाला, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती म्हणाली, जमतं मला. आता एकदाही उशीर होणार नाही.

एकदाही.

सर्व्हिस रोडला लागल्यावर तिने रिक्षाला हात केला. रोज रिक्षा म्हणजे महिन्याचं वाणसामान, पण आजचा दिवस तरी... “पार्ले?” पहिल्याने मानही वळवली नाही. दुसऱ्याने वळवली, म्हणजे नकार देण्यापुरती. तिसरा थांबला, तिला आशेने दोन पावलं पळायला लावून म्हणाला, “जवळचं नको मावशी, गाडी ठाण्याला चाललीय.” बरं, असो. चालू या. उजवा गुडघा अजून काही बोललेला नाही.

फुटपाथ होता. नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. त्यावर आधी एक पांढरी गाडी, मग एक काळी, मग झाकण घातलेली एक, जी दसऱ्यापासून तिथेच होती आणि जिच्यावर कोणी बोटाने ‘मला धुवा’ लिहिलं होतं. भिंत आणि आरसे यांच्या मधून ती आडवी होऊन सरकत होती, पिशवी डोक्याच्या उंचीला धरून — पिशवीत नलूताईचं मऊ पिठलं आणि भाताचा डबा. ज्यांना चालायचं नाही त्यांच्या गाड्या चालण्याच्या जागेवर उभ्या, आणि जिला चालायचंय ती गाड्यांच्या जागेवर... मागून हॉर्न. कुणीतरी “ओ आंटी, मरायचंय का” म्हणून गेला. नाही रे बाबा, बारा वाजता पार्ल्याला पोचायचंय.

तिला कुणाचा तरी राग हवा होता. देवव्रतचा, म्हणजे सेक्रेटरीचा, तो तिने पेट्रोल पंपापर्यंत पुरवून वापरला. सोसायटीतल्या एकतीस गाड्यांचा, तो सिग्नलपर्यंत. पण राग कुठूनही सुरू केला तरी फिरून त्या पिठाच्या डागाशी यायचा, जसा सर्व्हिस रोड कुठूनही धरला तरी पुलाखालीच येतो. इतरांना सांगायचीस ना, वाचून सही करा. गार्गीला फोनवर तासभर शिकवलं होतंस, बँकेचा कागद एकेक ओळ वाचायचा. कोण मोठी शहाणी.

पुलाखाली, दुसऱ्यांदा सुटलेल्या सिग्नलला ती निम्म्यात अडकली असताना एक राखाडी गाडी तिच्याजवळ येऊन थांबली. काच खाली.

“काकू! बसा बसा, लवकर, मागे बस आहे!”

देवव्रत. तिने नको म्हणायचं ठरवलं होतं. पण मागचा हॉर्न इतका मोठा होता की ती विचार करायच्या आधी आत बसलेली होती आणि दार लागलेलं होतं, आणि सगळ्या रस्त्याचा आवाज एकदम कुणीतरी झाकण ठेवल्यासारखा बंद.

“पार्ल्याला ना? मी तिकडेच चाललोय.”

“तू तिकडे चाललेला नाहीस, देवू.”

“नव्हतो. आता चाललोय. चंद्रप्रकाशने फोन केला. म्हणाला, आंटी चालत गेल्या, तोंड पडलं होतं.”

“तोंड माझं जन्मापासून असंच आहे.”

तो हसला. हसताना अजूनही आधी डावा गाल. आठ वर्षांचा होता तेव्हा त्याची आई तीन महिने हॉस्पिटलमध्ये होती. त्या तीन महिन्यांत तिने एका हाताला गार्गी आणि एका हाताला हा, अशी शाळेची ने-आण केली होती, त्याच फाटकातून. हा रोज फाटकावर लटकून झोका घ्यायचा. एकदा बोट चेमटलं. उजव्या हाताची तर्जनी. रक्ताचा ओघळ तिच्या साडीवर, आणि हा रडायच्याऐवजी विचारतोय, काकू, नख परत येईल? आलं. पण वाकडं आलं. आता ते वाकडं नख स्टिअरिंगवर ठोके देत होतं, आणि ती त्याच्याकडे पाहत होती, आणि रागाला धरायला काही सापडत नव्हतं.

“चोवीस फ्लॅट, एकतीस गाड्या, काकू. रोज कोणी ना कोणी खाली येऊन बोंबलतो. माझी अडकवली, माझी घासली. मला काय हौस आहे का सेक्रेटरी व्हायची? तिथे दोन जागा निघतात. चिठ्ठ्या टाकू.”

“आणि चालणारे?”

“चालणारे कोण आहेत आता? तुम्ही आणि... तुम्हीच.” मग, खरंच नवल वाटल्यासारखं, “आणि काकू, पहिली सही तुमची होती. मी सकाळी रजिस्टर बघितलं तेव्हा म्हटलं, काकूंची हरकत नाही म्हणजे कुणाचीच नसणार. मला वाटलं, तुम्ही समजून केलीत.”

“माझे हात कणकेचे होते.”

“काय?”

“काही नाही.”

गाडी उभी होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, त्यातल्या प्रत्येकीत एकेक माणूस, फोनकडे बघत. डावीकडून एक बाई भाजीची पिशवी घेऊन त्यांना मागे टाकून गेली. मग एक म्हातारा, काठीसकट, तोही. एसीचा गार झोत तिच्या गुडघ्यावर येत होता आणि गुडघा — बेइमान — सुखावत होता. तिला आठवलं, नंदकिशोर म्हणायचा, गाडीतल्या माणसाला शहर दिसतं, कळत नाही. पण तो कधी असा गार झोतासमोर बसला होता कुठे? बसला असता तर त्याचंही मत...

“मी रोज सोडत जाईन,” देवव्रत म्हणाला. “घरूनच काम असतं माझं. अकराला एक मिस्ड कॉल द्या.”

आणि तिला ते सगळं दिसलं. अकरा वाजता चपला घालून दारात बसलेली ती. दोन मिनिटं देवू, मीटिंग चाललीय. पाच मिनिटं, काकू. मग एक दिवस त्याची बायको, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. मग एक दिवस तीच म्हणणार, राहू दे रे, मी बघते. छप्पन्न वर्षं कुणाची वाट न बघता कुठेही जाता आलं, हीच तर तिची श्रीमंती होती. दुसरी होती कुठे?

“नको,” ती म्हणाली. “उपकार नाही म्हणत मी. पण नको. ते फाटक उघड.”

“ते आता नाही होणार. ठराव झालाय.” नख स्टिअरिंगवर ठोकत राहिलं. मग त्याने खिशात हात घातला, जुडग्यातून एक चावी सोडवली, दातांनी कडं ओढून, अगदी लहानपणी गोळीचा कागद सोडवायचा तशी, आणि तिच्या पिशवीवर ठेवली. “हे घ्या. पेव्हर ब्लॉक बसेपर्यंत, एक-दीड महिना. तुम्ही एकट्या वापरा. जाताना-येताना आठवणीने बंद करायचं मात्र. आणि कुणाला सांगू नका प्लीज, नाहीतर सगळेच मागतील.”

“आणि दीड महिन्याने?”

“मग बघू ना, काकू.”

तिने चावी उचलली. थँक्यू म्हणाली नाही. पण परतही दिली नाही, हे तिच्या लक्षात आलं ते पार्ल्यात उतरल्यावर.

बारा पंचवीस. शेवंती पायरीवर, पर्स खांद्याला लावून.

“पंचवीस मिनिटं, मावशी! ती पुढची बाई आज मला ठेवते की नाही देव जाणे. आजींना एकटं टाकून जाऊ? नाही गेले. केला मग मी मिहिरदादांना फोन. काय करणार?”

“बरं केलंस गं,” इरावती म्हणाली, कारण शेवंतीचं काहीच चुकलं नव्हतं. आज कुणाचंच काही चुकत नव्हतं. तेच तर असह्य होतं.

मिहिरचा मेसेज आलेला होता. मावशी, संध्याकाळी फोन करतो. एवढाच. खाली हात जोडलेले.

नलूताई खिडकीशी, नेहमीच्या खुर्चीत. मान गल्लीकडे.

“गाडीतून आलीस,” ती म्हणाली.

“तुला कसं कळलं?”

“तुझी पावलं नाही आली. रोज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून तू येतेस, थोडी थोडी. डावा पाय जरा घासतेस. मग मी शेवंतीला म्हणते, जा आता तू, आली इरा. आज दार वाजलं गाडीचं आणि एकदम तू. मला वाटलं कुणी परकं.”

इरावतीने डबा उघडला. पिठलं गार झालं होतं, तिने गरम केलं, भात कालवला, आणि नलूताई जेवली तेव्हा समोर बसून राहिली. डावा पाय घासतो? उजवा दुखतो म्हणून असेल. आपल्या पावलांचं कुणी इतकं ऐकत असेल हे आपल्याला... मग तिने पेपर उघडला. रोजच्यासारखी आधी हवामान, मग निधनवार्ता. नलूताईला त्याच क्रमाने लागायचं.

“हातात काय आहे तुझ्या? पेपर नीट धरत नाहीयेस.”

तिने मूठ उघडली. नलूताईने बोटांनी चाचपलं. आधी गोल टोक, मग दाते, एकेक.

“नवी आहे. धार आहे अजून. कुठली गं?”

सांगायला काय हरकत होती? नलूताई कुणाला सांगणार होती? तरी इरावती म्हणाली, “घराचीच. दुसरी करून घेतली.” आणि स्वतःचा आवाज तिला ऐकू आला, अगदी सहज, अगदी खरा.

उद्या वेळेवर येईन मी. मिहिरला संध्याकाळी सांगता येईल, आजचं काय, एक दिवस झालं, आता सोय झाली आहे. उद्या कुलूप उघडायचं, बाहेर पडायचं, आणि मग वळून, गजांतून हात आत घालून पुन्हा लावायचं. प्लास्टिक काढून टाकावं आधी, हातात सरकतं. आणि पलीकडे धाकू उभा असणार. गाठोडं डोक्यावर. तो आजही थांबला असेल का, चावी आणते म्हटलं होतं मी... किती वेळ थांबला असेल? उद्या तो बाजूला होईल, तुमी जावा म्हणेल, आणि ती त्याच्या नाकासमोर... की आत घेऊ त्याला? आणि परत जाताना? मग दूधवाला, कामाला येणाऱ्या बायका, वरच्या मजल्यावरचे आजोबा? आणि देवू म्हणाला होता, कुणाला सांगू नका, आणि ती ‘हो’ म्हणाली नव्हती. पण ‘नाही’ तरी कुठे म्हणाली होती. इथे कोण विचारतं तसं? बाकीच्या तेवीस जणांनीही कुठे हो म्हटलं होतं. सह्या केल्या होत्या नुसत्या, तिच्या खाली.

“पुढे वाच ना,” नलूताई म्हणाली.

तिने वाचलं. कोणीतरी श्रीमती, वय त्र्याऐंशी, अल्पशा आजाराने. पण ओळी डोळ्यांसमोरून जात होत्या आणि डोकं भलतंच काहीतरी करत होतं, शांतपणे, बारकाईने, नंदकिशोर पावलं मोजायचा तसं. धाकू सव्वाअकराला येतो. आज जरा लवकर आला होता, अकरा आठलाच. म्हणजे आपण अकराच्या आधी, पाच मिनिटं, नाही, दहा मिनिटं आधी निघालो, तर तो गल्लीच्या तोंडाशीही नसेल. फाटक उघडून, लावून, बसस्टॉपवर जाऊन उभं राहता येईल. पाठ गल्लीकडे करून.

हे आपणच मोजतोय, हे तिला फार उशिरा कळलं. ती थांबली. चावीचे दाते तळहातावर उमटले होते, लहान लहान.

“इरा?”

“हो, वाचते,” ती म्हणाली, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, या खेपेला एकेक शब्दावर बोट ठेवून.